कुत्र्याच्या भाताच्या दोन वाट्या

माझ्या बायकोने जाताना माझ्यासाठी काही निरोप ठेवला नाही. कुत्र्यासाठी ठेवला. महाडच्या दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी, नाकावरची नळी बाजूला सारून ती म्हणाली, "त्याच्या भाताचं बघा. दोन वाट्या तांदूळ. कमी करू नका."

मी वाट पाहिली. वाटलं, आता माझ्या औषधांचं येईल, नाहीतर कपाटाच्या किल्ल्यांचं. तिने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडून तेवढ्यातच भर घातली, "गार करून घाला. तोंड भाजतं त्याचं."

एकोणचाळीस वर्षांत चहाने माझं तोंड अनेकदा भाजलं होतं. तेव्हा ती म्हणायची, "फुंकर मारायला शाळेत शिकवलं नाय वाटतं." हा भेदभाव त्या खाटेपाशीही माझ्या लक्षात आला, पण ती वेळ वाद घालण्याची नव्हती. मी मान हलवली. दोन दिवसांनी ती गेली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. तिने सोपवलेली एकच गोष्ट माझ्या हातात उरली आणि मी ठरवलं की इतर सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकवायचं नाही. दोन वाट्या. गार करून.

आम्ही पोलादपूरच्या वर एका वाडीत राहतो. आता आम्ही म्हणजे मी आणि कुत्रा. मी महाडच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो, ती वाडीतल्या अंगणवाडीत सेविका. मुलगी मुंबईला. वाडी तिला ताई म्हणायची आणि मला सर. कुणावर जीव होता आणि कुणाचा नुसता धाक, ते यातच आलं. कुत्रा तिला अंगणवाडीच्या पायरीखाली सापडला, हाताच्या ओंजळीत मावेल एवढा. मुलांच्या उरलेल्या खिचडीवर तो वाढला. त्याला नाव ठेवायचं राहून गेलं. ती त्याला 'अरे' म्हणायची आणि मला 'अहो'. दोघंही हाकेसरशी येत असू, त्यामुळे नावावाचून कुणाचं अडलं नाही.

अंगणवाडीच्या भिंतीवर आहाराचा तक्ता होता. त्यात भाताचा ढीग, भाकरी आणि बटाटे एका पिवळ्या चौकोनात काढलेले होते आणि वर लिहिलेलं होतं, 'कर्बोदके – ऊर्जा देणारे अन्न'. ती सव्वीस वर्षं त्या चौकोनावर पट्टी टेकवून वाडीतल्या गरोदर बायकांना कर्बोदकं समजावत आली होती. मग पंचावन्नाव्या वर्षी तिला साखर निघाली.

महाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "भात अगदी बंद नको. छोटी वाटी, दिवसातून एकदा, चालतो. बाकी भाकरी, भाजी, मासे खा. चाला." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण मी ग्रंथपाल. डॉक्टरांचं ऐकून लगेच तसं वागणारा माणूस मी नव्हे. आधी वाचायला हवं. मी घरी येऊन चार पुस्तकं वाचली. एकात भात कमी करा असं होतं, दुसऱ्यात फार कमी करा असं होतं, तिसऱ्यात तांदळाबद्दल असं काही लिहिलं होतं की लेखकाचं तांदळाशी वैर असावं. चौथ्यात चित्रं होती. चारही पुस्तकांचा मेळ घालून मी शून्य काढलं. शून्य हे माप लक्षात ठेवायला सोपं असतं.

कोकणातल्या बाईला भात बंद म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी त्यासाठी व्याख्यान तयार केलं होतं. जेवणानंतर मी तिला समोर बसवून कर्बोदकं म्हणजे काय, ती पोटात गेल्यावर साखरेत कशी बदलतात, हे सांगितलं. सव्वीस वर्षं पट्टी घेऊन हेच शिकवणाऱ्या बाईला. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदा तिने पदराने घाम पुसला, तो पदर तोंडावर जरा जास्त वेळ राहिला. मग म्हणाली, "भाकरीनं पोट भरतं हो. जेवल्यासारखं वाटत नाय." मी म्हटलं, सवय होईल. ती म्हणाली, "बरं."

त्यागात वाटा हवा म्हणून मीही भात सोडला. घरी सोडला. पेन्शनच्या किंवा पुस्तकांच्या कामाने महाडला गेलो की स्टँडजवळच्या खानावळीत राइस प्लेट खाऊन येत असे आणि वर एक्स्ट्रा राइस सांगत असे. तिला मी हे कधी बोललो नाही. तिचं मन दुखेल असं वाटायचं.

तर अशा रीतीने आमच्या घरात भात फक्त कुत्र्यासाठी शिजू लागला. रोज दुपारी दोन वाट्या तांदूळ. ती ताट घेऊन मागच्या पडवीत जायची आणि दार ओढून घ्यायची. मी एकदा मागोमाग गेलो तर म्हणाली, "तुम्ही आत जा. कुणी बघत असलं की तो जेवत नाय. लाजतो." मला हे पटलं. एवढंच नाही, मी प्राण्यांच्या वर्तनावरचं एक पुस्तक काढून त्यात आधार शोधला. खाताना कुणी निरखलं तर काही कुत्री अस्वस्थ होतात, असं त्यात खरंच होतं. मी तिला तो परिच्छेद वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघा. पुस्तकात पण हाय."

तेव्हापासून दुपारी मी ओटीवर पुस्तक घेऊन आणि ते दोघं मागे पडवीत, असा नेम झाला. शेजारच्या काकींची परसदारची बाजू आमच्या पडवीला लागून. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, एकट्या, आवाज खणखणीत. रोज त्या वेळेला कुंपणापलीकडून विचारायच्या, "गो ताई, कुत्रा जेवला काय?" आणि आतून उत्तर जायचं, "जेवतोय गो." मग दोघी हसायच्या. कुत्र्याच्या जेवणात हसण्यासारखं काय आहे, असा प्रश्न मला पडायचा. मग मी पान उलटायचो.

ती गेल्यावर घरात माणसं जमली. आमच्याकडे अशी रीत आहे: दिव्यापाशी जमिनीवर तांदळाचं पीठ पातळ पसरायचं, त्यावर टोपली उपडी घालायची आणि सकाळी ती उचलून पिठात कसली पावलं उमटलीत ते पाहायचं. ज्या जिवाची पावलं, त्या जन्माला आपलं माणूस गेलं असं समजतात. साधारणपणे काहीतरी पक्ष्यासारखं दिसतं आणि सगळ्यांचं समाधान होतं. आमच्याकडे सकाळी टोपली खांबापाशी जाऊन पडलेली होती. पीठ जवळजवळ उरलंच नव्हतं. उरलं होतं त्यात चार पंजे स्पष्ट होते आणि मधून एक लांब, ओला, गुळगुळीत पट्टा गेला होता. कुत्रा कोपऱ्यात बसून नाकावरचं पीठ चाटत होता.

सगळे पिठावर वाकले. मग तिची आत्या म्हणाली, "कुत्र्याच्या जन्माला गेली."

"अवो, जन्म कसला, हेच मेलं येऊन चाटून गेलंय," काकी म्हणाल्या.

"तो का आला चाटायला? त्याला कुणी धाडलं?"

"भुकेनं धाडलं. काल कुणी घातलंय त्याला?"

कुणीच घातलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निरोप हाती आल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता आणि मी पहिलाच दिवस चुकवला होता. मी उठून आत गेलो, तर आमच्या घरात चूल पेटवायची नव्हती, सुतक. शेवटी काकींनी आपल्या घरून भात आणला आणि आत्याने हात जोडून तो कुत्र्यापुढे ठेवला. नऊ-दहा वर्षांत त्याला असा मान मिळाला नव्हता. त्याने तो तीन घासांत संपवला.

बारा दिवस शेजारपाजारचे डबे आले. तेराव्या दिवसापासून मी आणि टोप समोरासमोर आलो. पहिला भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. एकाच टोपात हे कसं जमतं, हे मला अजून समजलेलं नाही. कुत्र्याने दोन्ही थर खाल्ले. पण पंधरवड्यात मला भात जमू लागला. दोन वाट्या तांदूळ, चार वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, वर अंडं नाहीतर सुकट. परातीत पसरायचा, पुठ्ठ्याने वारा घालायचा, बोट बुडवून पाहायचं. मग पडवीत नेऊन ठेवायचा. पहिल्या दिवशी मी दार ओढून आत यायला निघालो, तोवर त्याने माझ्या समोरच तोंड घातलं होतं. तो मुळीच लाजला नाही. मी उभा होतो, काकी कुंपणावरून बघत होत्या, त्यांच्या चार कोंबड्या बघत होत्या. तो खातच होता. मला वाटलं, दुःखाने बिचाऱ्याची लाज गेली.

मी स्वतः चहा आणि बटर खात होतो. कधी खारी. एका माणसासाठी काय शिजवायचं, असं म्हणतात तसं मीही म्हणत होतो आणि कुत्र्यासाठी मात्र रोज दुपारी शिजवत होतो. टोप रिकामा दिसला की वाटायचं, आजचा दिवस तरी तिच्या शब्दाप्रमाणे गेला.

पावसाळा संपेपर्यंत कुत्र्याच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या. दिवाळीत कंबर दिसेनाशी झाली. वाडीतले लोक येताजाता म्हणायचे, "सर, कुत्रा बाळसं धरतोय." मला बरं वाटायचं. मग एके दिवशी तो ओटीच्या तीन पायऱ्या चढता चढता दुसरीवर बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. धापा टाकत होता. मी त्याला मागून ढकलून वर घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने पहिलीच पायरी बैठकीसाठी निवडली.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, भात? कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा. लांडगे भात खातात का?"

"लांडगे तीन पायऱ्या चढायला मदतही मागत नाहीत," मी म्हटलं.

"त्याला कार्ब्ज लागतच नाहीत. मी पाठवते काहीतरी."

एक मोठी पिशवी आली. वर पळणाऱ्या कुत्र्याचं चित्र आणि 'ग्रेन फ्री'. दाणे हरभऱ्यासारखे, वास सुक्या बोंबलाच्या लांबच्या नातेवाइकासारखा. आमच्या कुत्र्याने एक दाणा तोंडात धरला, अंगणाच्या कडेला नेऊन जमिनीवर ठेवला आणि परत येऊन दुसरा घेतला. असे त्याने सगळे नेले. चालणं तेवढं झालं त्याचं. मागोमाग काकींच्या कोंबड्या आल्या. तीन दिवसांनी काकी म्हणाल्या, "सर, माझ्या कोंबड्या आता आमच्या कण्या खायना. मुंबईचं लागतंय."

मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो. या वेळी जरा जपून. त्यांत एक गोष्ट अशी सापडली की मी वाचता वाचता थांबलो. कुत्रा लांडग्यापासून आला हे खरं, पण तो माणसाच्या उकिरड्यापाशी राहायला आला आणि तिथेच राहिला. पिढ्यान्पिढ्या माणसाचं उष्टं खाऊन त्याच्या पोटाला पिष्टमय पदार्थ पचवायची ताकद आली, ती लांडग्याला तितकी नाही. म्हणजे कर्बोदकांवाचून कुत्र्याचं अडत नाही; मांस मिळालं तर तो तेवढ्यावरही जगतो. पण शिजवलेला भात त्याला पचतो, अंगाला लागतो, पळायला बळ देतो. पळायचं नसेल तर अंगावर बसतो. थोडक्यात, भात खाऊ लागला म्हणूनच तो आपल्याकडे राहिला. लग्नानंतर मी पोलादपूरला राहिलो त्यालाही सासूबाईंचा भातच कारण होता, पण ते पुस्तकात नव्हतं.

मला पुस्तकाने उत्तर दिलं नाही, पेच दिला. भात चुकीचा नव्हता. मग नऊ वर्षं दोन वाट्या खाऊन सडसडीत राहिलेला कुत्रा आताच का फुगला? आणि माप कमी करावं तर तिचे शब्द, "कमी करू नका." न करावं तर तो माझ्यासमोर हळूहळू त्या पायरीवरच बसून राहणार होता. रोज दुपारी तांदळाच्या डब्यात वाटी घालताना माझा हात अडायचा. मग मी दुसरी वाटी भरायचो. एकदा दुसरी वाटी थोडी कमी भरली आणि दिवसभर खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं.

"सवच्या झऱ्यावर नेऊन गरम पाण्यात बसवा त्याला," काकी म्हणाल्या. "माझे गुडघे सुटले तिथं."

"त्याचे गुडघे नाहीत, पोट आहे."

"मग पोट बुडवा."

शेवटी पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. काकी सोबत आल्या, कारण रिक्षात त्याला चढवायला दोन माणसं लागत होती. डॉक्टर तरुण मुलगी होती. हाताला कोपरापर्यंत म्हशीच्या कामाच्या खुणा होत्या. तिने कुत्र्याकडे पाहून आधी मलाच विचारलं, "काका, गाभण नाही ना?"

"तो नर आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणते."

वजन करायला तिथे माणसांचा काटा होता. तिने मला आधी एकट्याला उभं केलं, मग कुत्र्याला उचलून घेऊन उभं राहायला सांगितलं. मला तो उचलवेना. काकींनी मागचे पाय धरले, डॉक्टरने पोट धरलं, मी मान धरली, आणि काट्याने आम्हा चौघांबद्दल काही सांगायला नकार दिला. मग डॉक्टरने एकटीनेच त्याला सहज उचललं, काट्यावर उभी राहिली आणि वजाबाकी केली. माझ्या बायकोने जपून ठेवलेलं त्याचं लशीचं कार्ड मी नेलं होतं. त्यावर मागच्या वर्षीचं वजन होतं, अठरा. आता सव्वीस भरलं.

"तुमचंही काही बरं दिसत नाही," डॉक्टर माझ्या पट्ट्याकडे बघत म्हणाली. पँट सैल होत गेल्याने पट्ट्याला मी खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती. "काय घालता याला?"

"भात. दोन वाट्या."

"शिजवून दोन वाट्या?"

"तांदूळ दोन वाट्या."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, दोन वाट्या तांदूळ म्हणजे दोन माणसांचं जेवण आहे. एवढं रोज खाल्लं तर मीसुद्धा अशी होईन. कधीपासून?"

"नऊ वर्षं."

"शक्य नाही."

"रोज. हाच नेम. माझी बायको घालायची."

"नऊ वर्षं एवढा भात खाऊन हा मागच्या वर्षी अठरा किलो असूच शकत नाही," ती म्हणाली. "हे बघा, भात चालतो. एवढा नाही चालत. अर्धा करा. अर्ध्याच्याही खाली आणा, थोडी भाजी, अंडं, मासा घाला. रोज थोडं चालवा. नाहीतर यकृत जाईल आणि मागचे पाय आधी जातील."

भात चालतो. हे दोन शब्द मी आयुष्यात दुसऱ्यांदा एका डॉक्टरच्या तोंडून ऐकत होतो. मी काकींकडे पाहिलं. काकी भिंतीवरच्या संकरित गाईच्या चित्राकडे फार लक्ष देऊन पाहत होत्या.

परतीच्या रिक्षात कुत्र्याचं डोकं काकींच्या मांडीवर होतं. वाडीच्या वळणापर्यंत त्या गप्प राहिल्या. ही गोष्ट त्यांच्या बाबतीत एवढी अपूर्व की रिक्षावाल्यानेही आरशातून दोनदा मागे पाहिलं.

"सर," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमाला खरंच म्हाईत नाय?"

"काय?"

"ताई जेवायची त्याच्यासंगती."

मी कुत्र्याकडे पाहिलं.

"अर्धा त्याचा, अर्धा तिचा. एका ताटात कालवायची, मग मधी बोटानं रेघ मारायची. तो रेघ वलांडायचा नाय हां. लई शहाणा."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "रोज?"

"एकादशीला नाय. एकादशीला दोघं वरीचे तांदूळ खायची."

"आणि तुम्ही बघत बसायचात."

"बघत कशाला? मी आमटी द्यायची कुंपणावरनं. कोरडा भात उतरतो काय घशाखाली?"

तेव्हा मला राग आला. तो नेमका कुणाचा ते ठरवायला थोडा वेळ लागला. काकींचा आला, कारण त्या समोर होत्या. कुत्र्याचा आला, कारण नऊ वर्षं तो माझ्याकडे अशा सरळ डोळ्यांनी बघत होता. तिचा आला. मग मला माझी वही आठवली. तिची साखर मी दर महिन्याला वहीत लिहीत होतो. ती कधीच खाली येत नव्हती, आणि प्रत्येक वेळी मी तिला भाकरी थोडी आणखी लहान करायला लावत होतो. भाकरी लहान होत गेली तशी पडवीतली रेघ कुठल्या बाजूला सरकत गेली असेल, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"त्या भाताने गेली ती," मी म्हटलं.

काकींनी कुत्र्याच्या कानातली गोचीड काढून रिक्षाबाहेर टाकली. "म्हाईत नाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर हृदय म्हणाला ना? मला ते काय कळत नाय. पण तुमी तिला छोटी वाटी दिली असती ना सर, तर ती छोटी वाटीच जेवली असती. तुमी कायच दिली नाय, म्हणून ती जेवली कुत्र्याएवढी."

रिक्षा अंगणात थांबली. कुत्र्याला उतरवताना मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुमी तिला खानावळीचं सांगितलंत काय?"

मी कुत्र्याचे पुढचे पाय खाली टेकवले.

"तिला म्हाईत व्हतं. तुमच्या शर्टावर आमटी असायची दर खेपेला. धुवायची कोण?" त्या आपल्या बांधाकडे निघाल्या आणि वळून म्हणाल्या, "ती म्हणायची, 'सरांना पण थोडं लपवायला काय तरी नको काय? पुरुष माणूस हाय.'"

त्या दिवशी मी शिजवलं नाही. कुत्र्याने संध्याकाळपर्यंत तीनदा टोपाकडे आणि तीनदा माझ्याकडे पाहिलं. मी ओटीवर बसून दवाखान्यातला तो निरोप पुन्हा पुन्हा मनात फिरवत राहिलो. दोन वाट्या, कमी करू नका. तिला माहीत होतं की त्यातली एक वाटी कुत्र्याची नाही. मग ती कुणासाठी होती? माझ्या मनात एक सुरेख उत्तर तयार होऊ लागलं. तिला कळलं असणार की हा माणूस स्वतःसाठी काही शिजवणार नाही, पण कुत्र्यासाठी शिजवेल. म्हणून तिने माझी वाटी कुत्र्याच्या नावाने मागे ठेवली. मला इतकं भरून आलं की मी उठून कुंपणापाशी गेलो आणि काकींना हे सांगितलं.

काकी कोंबड्या आत घेत होत्या. "कायतरी काय सर," त्या म्हणाल्या. "नळी नाकात घालून कोण येवढा इचार करतं? सवयीनं बोलली ती. रोज दोन घ्यायची, दोन म्हणाली."

असेलही. माझ्यापेक्षा काकी तिच्या जेवणाला जास्त वेळा हजर होत्या. पण शब्द तिचे होते आणि मला ते पाळायचे होते, आणि कुत्राही जगवायचा होता. दोन्ही जमेल असा मार्ग एकच होता, आणि तो मला गेले दहा महिने सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन वाट्या तांदूळ धुतले. दुसरी वाटी भरताना हात अडला नाही. भात उपसून परातीत गार केला. त्यातला कुत्र्याचा वाटा काढला, डॉक्टरने सांगितला तेवढा, अर्ध्याच्या खाली, त्यात उकडलेला भोपळा आणि अंडं कालवलं. भोपळा त्याला आवडला नाही. तो त्याने भातातून एकेक फोड करून बाजूला काढला; तिची भाकरी लहान होत असताना तीही मी आग्रहाने वाढलेली पालेभाजी अशीच ताटाच्या कडेला लावायची. उरलेला भात मी माझ्या ताटात वाढून घेतला. फार होता. रात्रीलाही पुरला असता. पण आधी बसलो.

आत बसणार होतो. मग ताट घेऊन पडवीत गेलो आणि का कोण जाणे, दार ओढून घेतलं. आत ओटीवर कुणीही नव्हतं. कुत्र्याने आपलं ताट सोडून माझ्या ताटाकडे पाहिलं. मी बोटाने मधे जमिनीवर रेघ मारली. तो रेघेकडे पाहत राहिला, मग पुढचे पाय मागे घेऊन नीट बसला.

भात थोडा मऊ झाला होता. मीठ कमी होतं. कोरडा होता, खरोखरच घशाखाली उतरत नव्हता. मी तिसरा घास घेतला आणि कुंपणापलीकडे बांगड्या वाजल्या. वाटीभर आमटी धरलेला एक हात कुंपणावरून वर आला आणि तिथेच थांबला.

"सर," काकींनी विचारलं, "कुत्रा जेवला काय?"

माझं तोंड भरलेलं होतं. मी घास गिळला.

"जेवतोय," मी म्हटलं आणि आमटी घ्यायला उठलो.